अँजिओप्लास्टीनंतर तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. एवढ्या लवकर?

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ६:५०

नमस्कार मंडळी. रात्रभर झोप नाही, लिहिताना मागेपुढे झालं तर समजून घ्या.

शुक्रवारी पहाटे चारच्या सुमारास अण्णांच्या (माझे वडील, वय ६१) छातीत दुखायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं पित्त. आईने आलं-लिंबू दिलं. पण बनियन पिळून काढावं इतका घाम आला तेव्हा शेजारच्या दादांनी गाडी काढली. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, ऍस्पिरिन चावायला दिली आणि एक मिनिट न घालवता कराडला पिटाळलं. सहा वाजता अण्णा कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात ती खोली). हृदयाला रक्त पुरवणारी उजव्या बाजूची नळी पूर्ण बंद होती. मनगटातून जाऊन एक स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकला. डॉक्टर बाहेर आले ते म्हणाले, "वेळेत आणलंत."

दोन रात्री सीसीयू (हृदयाचा अतिदक्षता विभाग), मग काही तास वॉर्ड, आणि काल रविवारी संध्याकाळी पाच वाजता डिस्चार्ज. म्हणजे जेमतेम अडीच दिवस. टूडी इकोमध्ये (हृदयाची सोनोग्राफी) पम्पिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलतं ते, ५० ते ५५ टक्के लिहिलंय. चालवून बघितलं, जिना चढवला, दुखलं नाही. डॉक्टर म्हणाले, "काका ठणठणीत आहेत, घरी जा, सात दिवसांनी दाखवायला या."

घरी आल्यापासून मात्र आमचं अवसान गेलंय. आत्या म्हणते, माझ्या सासऱ्यांना तीन आठवडे गादीवरून हलू दिलं नव्हतं, यांनी तिसऱ्या दिवशी जिना चढवला? काका म्हणतात, बेड रिकामा करायचा असेल. रात्री दोनदा उठून पाहिलं तर आई अण्णांच्या उशाशी बसलेली. दिवा बंद, आणि तिचा तळवा त्यांच्या छातीवर. श्वास चालू आहे ना बघते म्हणाली. परवापर्यंत ते काम मॉनिटर करत होता.

विचारायचं एवढंच, हे बरोबर आहे का? की दुसरीकडे नेऊन चार दिवस परत ऍडमिट करावं?

मोगरा | सोमवार, सकाळी ७:३५

अण्णांना लवकर बरं वाटो. माझ्या मामांनाही नाशिकला तिसऱ्याच दिवशी सोडलं होतं, आता दोन वर्षं झाली, रोज गंगाघाटावर फिरायला जातात. परत ऍडमिट करायची घाई करू नका, आधी इथल्या जाणकारांना येऊ द्या. आणि आईंना दुपारी तरी झोपवा.

जुनी_पाटी | सोमवार, सकाळी ९:०५

ताई, तुमच्या आत्या खोटं सांगत नाहीत. त्या काळात तसंच होतं, मी स्वतः पाहिलंय.

१९८३ साली माझ्या वडिलांना ऍटॅक आला. उपचार म्हणजे ऑक्सिजन, दुखणं थांबवणारं इंजेक्शन आणि विश्रांती. कूस बदलायची तर दोघांनी धरून बदलायची, दात घासायचे तर पडल्या पडल्या, संडासला भांडं. सोळाव्या दिवशी पहिल्यांदा उभं केलं तेव्हा धोतराखाली पोटऱ्या अशा दिसल्या की मी मान वळवली. शेतात बैलजोडी हाकणारा माणूस, भिंत धरून खिडकीपर्यंत गेला आणि बसला. घरी आल्यावर ऍटॅकपेक्षा त्या अशक्तपणातून उठायला त्यांना जास्त दिवस लागले.

यामागे डॉक्टरांचा विचार काय होता ते मी नंतर वाचलं. हृदयाच्या स्नायूचा मेलेला भाग भरून येऊन तिथे घट्ट वण व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर जोर पडला तर भिंत फुटेल ही भीती. म्हणून सहा आठवडे हलायचं नाही. त्याला पहिला मोठा धक्का दिला तो बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या दोन डॉक्टरांनी. १९५२ साली त्यांनी ८१ रुग्णांचा अनुभव छापला. या रुग्णांना पलंगावर न निजवता सुरुवातीपासून आरामखुर्चीत बसवलं होतं. खुर्चीने कोणी दगावलं नाही. उलट पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुफ्फुसात जाण्याचा धोका कमी झाला. हेच लाऊन पुढे अण्वस्त्रांविरुद्धच्या डॉक्टरांच्या चळवळीत होते, त्या संघटनेला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं.

तरी सवय जायला वेळ लागलाच. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये ऍटॅक आला, ते इस्पितळातून बाहेर पडले ११ नोव्हेंबरला. सात आठवडे! अध्यक्षाची ही गत, मग आत्यांच्या सासऱ्यांचे तीन आठवडे काहीच नाहीत.

तुमच्या अण्णांची बंद नळी दोन तासांत उघडली. माझ्या वडिलांची कधीच उघडली नाही. दोघांच्या दिवसांची तुलना करू नका.

थेम्सकाठी | सोमवार, दुपारी २:२०

लंडनहून लिहितेय, मूळची सांगलीची. मागच्या वर्षी आमच्या ह्यांना (वय ५४) ऍटॅक आला. ऍम्ब्युलन्समध्येच ईसीजी काढला आणि जवळचं इस्पितळ ओलांडून थेट हृदयाच्या केंद्रावर नेलं. मंगळवारी दुपारी स्टेंट टाकला, बुधवारी रात्री आठ वाजता आम्ही घरी! मी अक्षरशः दारात उभी राहून भांडले होते. नर्सने मला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर स्टूल घेऊन बसली आणि म्हणाली, विचार तुला काय विचारायचंय ते, मी कुठे जात नाहीये.

त्यानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचून काढलं. इथल्या बार्ट्स हार्ट सेंटरने मार्च २०२० मध्ये, कोविडची पहिली लाट आली तेव्हा, धोका कमी असलेल्या ऍटॅकच्या रुग्णांना ४८ तासांच्या आत घरी सोडायची पद्धत बसवली. एकीकडे खाटा कमी, दुसरीकडे वॉर्डात राहिलं तर कोविडची भीती. पण वाटेल त्याला सोडत नव्हते. पम्पिंग ४० टक्क्यांच्या वर हवं, नळी पूर्ण उघडलेली हवी, छातीत परत दुखलेलं नको, ठोक्यांची गडबड नको, फुफ्फुसात पाणी नको, दुसरी कुठली नळी लगेच करायची राहिलेली नको, माणूस आपल्या पायावर चालता हवा. आणि यादीत शेवटी एक गोष्ट अशी की मी ती दोनदा वाचली: घरची परिस्थिती सांभाळण्यासारखी हवी. हृदयाच्या डॉक्टरांच्या निकषांत घर!

अशा ६०० रुग्णांची माहिती त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. साधारण निम्म्या लोकांचा मुक्काम एका दिवसाच्या आसपासच होता, आणि पुढच्या काही महिन्यांत हृदयाच्या कारणाने त्यातलं कोणी गेलं नाही.

आता खरं सांगायचं ते. घरी सोडलं म्हणजे सोडून दिलं असं नव्हतं. डिस्चार्जनंतर ४८ तासांत नर्सचा फोन. पुढे २, ६ आणि ८ आठवड्यांनी आणि ३ महिन्यांनी फोनवरच तपासणी. आमच्याकडेही साधारण असंच झालं. पहिल्या फोनवर नर्सने ह्यांना प्रत्येक गोळीचं पाकीट हातात घ्यायला लावलं आणि नाव मोठ्याने वाचायला लावलं. तेव्हा कळलं की रक्तदाबाची जुनी गोळी आणि नवी गोळी दोन्ही चालू होत्या. तो फोन आला नसता तर?

ताई, तुम्हाला असा फोन कोण करणार आहे? डॉक्टरांना तेवढं विचारा. दिवस मोजण्यापेक्षा ते महत्त्वाचं वाटतं मला.

तालुक्याचा_डॉक्टर | सोमवार, रात्री ९:४०

मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. माझ्याकडे असे रुग्ण ईसीजीच्या आधी येतात आणि डिस्चार्जनंतर येतात, मधलं शहरात होतं. रुग्णाला न बघता सल्ला देता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून घाबरण्यासारखं काही दिसत नाही. निवडक रुग्णांना ४८ ते ७२ तासांत घरी सोडणं युरोपच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. अण्णा साधारण ६० तास होते.

दिवस कमी का करता येतात ते समजलं की भीती ओसरते. ऍटॅकनंतर जीवघेणी ठोक्यांची गडबड व्हायची ती बहुतेक पहिल्या २४ ते ४८ तासांत होते. तेवढा काळ मॉनिटर हवाच, त्याला तडजोड नाही. नळी लवकर उघडली की स्नायू वाचतो, आणि स्नायू वाचला की भिंत फाटणं, झडपेची दोरी तुटणं वगैरे प्रकार फार दुर्मिळ होतात. तिसरी गोष्ट मनगट. पूर्वी जांघेतून अँजिओप्लास्टी व्हायची, पाय सरळ ठेवून कित्येक तास निजायचं, वर वाळूची पिशवी, रक्तस्राव झाला तर बराच व्हायचा. मनगटातून केलेला माणूस त्याच दिवशी उठून बसतो.

हॉलंडमधल्या झ्वोले गावच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये एक सोपी गुणपद्धत दिली. सहा गोष्टी बघायच्या. फुफ्फुसात पाणी किंवा शॉक (रक्तदाब फार खाली जाणं) आहे का, याला सर्वांत जास्त, ४ किंवा ९ गुण. नळी पूर्ण वाहती झाली नसेल तर १ किंवा २. वय ६० किंवा पुढे, २ गुण. तिन्ही नळ्यांत आजार, १. ऍटॅक हृदयाच्या पुढच्या भिंतीचा, १. दुखायला लागल्यापासून नळी उघडेपर्यंत चार तासांपेक्षा जास्त वेळ, १. एकूण ३ पर्यंत म्हणजे धोका कमी. अण्णांचे वयाचे २ धरा. बाकी नळ्यांचं काय ते रिपोर्टमध्ये बघा, पण त्याने फार तर एक वाढेल.

आता दुसरी बाजू, कारण हा धागा वाचून कोणी आपल्या माणसाला हट्टाने घरी न्यायला नको. पुढच्या भिंतीचा मोठा ऍटॅक, पम्पिंग ३०-३५, दम लागतोय, ठोके बिघडलेत, किडनी आधीच नाजूक, दहा तासांनी पोचलेला रुग्ण: यांनी डॉक्टर सांगतील तितके दिवस राहायचं. आमच्याकडे खेड्यापाड्यांत नळीतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देऊन रुग्ण पुढे पाठवतात, त्यात वाईट काही नाही, वेळ वाचतो. पण इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून अँजिओग्राफी न करताच घरी गेलेला रुग्ण हा अण्णांसारखा रुग्ण नव्हे. त्याची गणती वेगळी.

आणि लवकर घरी आलेल्यांसाठी एक काम जे हमखास राहून जातं. अँजिओप्लास्टीच्या वेळी नळीत जे औषध सोडतात त्याने किडनीवर ताण येऊ शकतो. त्याचा आकडा लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी वाढतो. पूर्वी तोवर रुग्ण वॉर्डात असायचा. आता घरी असतो. तर उद्या गावातच रक्त देऊन क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या आणि रिपोर्ट कराडच्या डॉक्टरांना पाठवा. मधुमेह असेल तर नक्कीच.

निशिगंध | मंगळवार, सकाळी ८:१५

हे लिहू की नको असं कालपासून चाललं होतं. लिहिते.

गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांना स्टेंट टाकला. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला डिस्चार्ज मिळाला. बिल, टीपीए (विम्याची मंजुरी बघणारी कंपनी), मेडिकल, यात दिवस गेला होता, सगळे दमलेले. काउंटरवरच्या मुलाने गोळ्यांची पिशवी दिली आणि फाइल दिली. फाइल इंग्रजीत. "सगळं लिहिलंय त्यात." बस, एवढंच. आम्हीही विचारलं नाही, घरी जायची घाई आम्हालाही होतीच.

सतराव्या दिवशी सासऱ्यांची दाढ ठणकायला लागली. दातांच्या दवाखान्यात विचारलं, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का. सासरे हो म्हणाले. स्टेंट कधी टाकलाय ते तिकडे कोणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. गोळ्या दोन दिवस बंद ठेवून या असं सांगितलं गेलं. यांनी दोन्ही बंद केल्या. आम्हाला घरात कुणाला पत्ता नाही, सकाळच्या गोळ्या ते स्वतःच घ्यायचे.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे परत ऍटॅक. त्याच स्टेंटमध्ये गाठ. परत अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, पण पम्पिंग ३० वर आलंय. आता अंगणातून फाटकापर्यंत जाताना मध्ये थांबावं लागतं त्यांना. मागच्या वर्षीपर्यंत गणपतीत पाटावरची मूर्ती तेच उचलून आणायचे.

मला लवकर सोडल्याचा राग नाही. आणखी चार दिवस ठेवून तशीच पिशवी हातात दिली असती तर हेच झालं असतं. राग याचा आहे की "ही गोळी कुणीही सांगितलं तरी आम्हाला विचारल्याशिवाय बंद करायची नाही" हे एक वाक्य मराठीत कुणी तोंडाने सांगितलं नाही. त्याला अर्धं मिनिट लागलं असतं.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ८:५०

निशिगंध, वाचून हात थांबला. खूप आभार तुम्ही लिहिलंत. आत्ता जाऊन अण्णांच्या पिशवीतल्या रक्त पातळ होण्याच्या दोन्ही गोळ्यांच्या पाकिटांवर लाल पेनने "बंद नाही" लिहून आले.

सीसीयू_सिस्टर | मंगळवार, दुपारी ४:१०

बावीस वर्षं सीसीयूत काम केलंय. निशिगंधताई, तुमचा राग योग्य आहे. आमच्या बाजूचं एवढंच सांगते की रात्रीच्या डिस्चार्जला वॉर्डात दोन सिस्टर आणि वीस रुग्ण असतात. हे कारण झालं, समर्थन नाही.

मी नातेवाइकांना जे सांगते ते इथे लिहिते, कोणाला उपयोग होईल.

फाइल घेऊन निघायचं नाही, वाचून घेऊन निघायचं. घरात गोळ्या जो देणार तो माणूस समोर हवा. बहुतेक वेळा फाइल मुलगा घेतो आणि गोळ्या बायको देते! मी काकूंना बोलावून घेते, गोळ्या टेबलावर मांडते आणि त्यांच्याकडूनच वदवून घेते, ही कशाची, कधी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाकिटावर सूर्य आणि चांदणी काढून देते. जुन्या गोळ्यांची पिशवीही दवाखान्यात आणायला लावते, त्यातल्या कुठल्या आता घ्यायच्या नाहीत त्या तिथेच बाजूला काढायच्या.

जिभेखालची गोळी, सॉर्बिट्रेट. आधी खाली बसायचं, मग गोळी ठेवायची. उभ्याने ठेवली तर रक्तदाब उतरून चक्कर येते, माणूस पडतो, डोकं फुटतं. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ लावायचा, मोटारसायकलवर मध्ये बसवून आणायचं नाही. गोळी देवघरात नको, कपाटात नको, त्यांच्या उशाशी. बाहेर जाताना खिशात.

मनगट. सुजलं, काळंनिळं पसरत गेलं, बोटं गार पडली तर दाखवायचं. रक्त आलं तर अंगठ्याने घट्ट दाबून धरायचं आणि मदत बोलवायची, कापडं गुंडाळत बसायचं नाही. आठवडाभर त्या हाताने भरलेली बादली उचलायची नाही.

संडास. हे कोणी विचारत नाही, आणि घरी गेल्यावर पहिली अडचण हीच असते. कुंथायचं नाही. भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते ती आणा. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना सांगून औषध घ्या. काळी शी झाली तर लगेच कळवा, पोटात रक्तस्राव असू शकतो.

रोज सकाळी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागायला लागला तर सातव्या दिवसाची वाट बघायची नाही.

आणि पाहुणे. दवाखान्यात भेटायची वेळ असते, घरी नसते. पहिल्या दोन दिवसांत चाळीस माणसं येतात, प्रत्येकाला अण्णांनीच पहाटे चारपासूनची सगळी गोष्ट सांगायची, वर प्रत्येकजण आपल्या ओळखीतला कोण कसा गेला ते सांगून जातो. दारात कोणीतरी खमकं माणूस बसवा. आत्या चालतील.

कागदपत्रं | मंगळवार, सायंकाळी ७:००

विम्याच्या डेस्कवर बरीच वर्षं काम केलंय, त्यापुरतं लिहितो. "लवकर सोडलं तर क्लेम मिळणार नाही" ही भीती नेहमी ऐकतो. नेहमीच्या पॉलिसीत २४ तासांच्या वर भरती असली की झालं, पाच दिवस राहायची गरज नसते. डिस्चार्जनंतरच्या तपासण्या आणि औषधंही बहुतेक पॉलिसींत ठरावीक दिवस, पुष्कळदा ६० दिवस, मिळतात. मेडिकलची बिलं फेकू नका. कॅशलेसला अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असं विमा नियामकाने २०२४ मध्येच सांगितलंय, तेव्हा रात्री साडेआठपर्यंत ताटकळत बसायची वेळ आली तर हे दाखवा.

महात्मा फुले योजनेत उपचार झाला असेल तर डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधं पॅकेजमध्येच असतात. आरोग्यमित्राला (योजनेचा दवाखान्यात बसणारा माणूस) विचारून घ्यायचं. दहा दिवसांनंतर गोळ्या महाग पडतात म्हणून लोक बंद करतात, तिथे घात होतो. परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना तोंडावर सांगा, त्याच गटातली स्वस्त गोळी किंवा जनऔषधीतली सुचवतात. लाजायचं नाही.

पायरी | मंगळवार, रात्री १०:३०

मी वेगळं बोलणार आहे. मी ६८ वर्षांचा, एकटा राहतो. पत्नी नाही, मुलगी कॅनडात. मला तिसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा मी डॉक्टरांना म्हणालो, मला चार दिवस राहू द्या. ते म्हणाले, मेडिकली तुम्ही फिट आहात. असेन. पण रात्री छातीत कळ आली तर दार उघडायला कोण? रिक्षाने घरी आलो, कुलूप काढलं, आत चार दिवसांचं शिळं दूध आणि मुंग्या. त्या रात्री मी खुर्चीत बसून काढली, दाराची कडी न लावता.

लंडनच्या ताईंनी लिहिलंय ना, घरची परिस्थिती हा निकष आहे. आमच्याकडे तो प्रश्न कुणी विचारला नाही. फॉर्मवर नातेवाइकाचं नाव असतं, तो कुठे राहतो हे कोणी बघत नाही.

मोगरा | मंगळवार, रात्री ११:०५

काका, हे वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही कुठल्या भागात राहता ते मला निरोपात कळवाल का? आणि शेजाऱ्यांकडे एक किल्ली देऊन ठेवा, उद्याच.

मला यात अजून एक म्हणायचंय. ज्यांच्या घरी माणसं आहेत तिथेही ती "घरची परिस्थिती" म्हणजे बहुतेक वेळा एक बाईच असते. मामांच्या वेळी मामी महिनाभर रात्री जागी होती. दवाखान्यात तीन पाळ्यांत तीन सिस्टर असतात, घरी मामी एकटी तिन्ही पाळ्या. मुक्काम कमी झाला म्हणजे काम कमी झालं नाही, ते मामीकडे आलं. मामींचा रक्तदाब वाढलाय हे तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही चुकून.

कृष्णाकाठ | बुधवार, पहाटे ५:२०

घाईत लिहितेय. काल रात्री अण्णांना दोनदा दम लागल्यासारखं झालं. दुखणं नाही, घाम नाही. खोल श्वास घ्यावासा वाटतो म्हणाले, दोन मिनिटांत बरं. आडवं झोपता येतंय, पाय सुजलेले नाहीत, वजन तेच आहे. टिकाग्रेलर नावाची गोळी (रक्त पातळ होण्याच्या दोनांपैकी एक) दिवसातून दोनदा चालू आहे. त्याने होतं असं वाचलं. खरं का?

तालुक्याचा_डॉक्टर | बुधवार, पहाटे ५:५०

त्या गोळीने असा दम लागतो हे खरं आहे, बऱ्याच जणांना, आणि बहुतेकांचा आपोआप कमी होतो. पण तो गोळीचा आहे की हृदयाचा हे मोबाइलवरून ठरवायचं नाही. आज सकाळी दाखवा, ईसीजी आणि छाती तपासून घ्या. तोवर सकाळची गोळी चुकवू नका. बदलायची असेल तर कराडचे डॉक्टर दुसरी सुरू करून देतील, नुसती थांबवणार नाहीत. दम वाढला किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता १०८.

कृष्णाकाठ | पुढचा सोमवार, रात्री ९:१५

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. उशीर झाला कळवायला.

बुधवारी सकाळीच कराडला गेलो. ईसीजी ठीक, फुफ्फुसं स्वच्छ. दम गोळीचाच, असं डॉक्टरांचं मत पडलं. गोळी तीच ठेवलीय, कमी झालाय आता. क्रिएटिनिन गावातच केलं होतं, १.१ आलं. रिपोर्टमध्ये दुसऱ्या एका नळीत थोडं ब्लॉकेज आहे, सध्या औषधावरच. झ्वोलेच्या हिशोबाने अण्णांचे दोनच गुण झाले.

डॉक्टरांना थेम्सकाठी ताईंचा प्रश्न विचारला, आम्हाला फोन कोण करणार? ते जरा थांबले. मग म्हणाले, तशी पद्धत आमच्याकडे नाही, पण सीसीयूचा नंबर देतो, दिवसा कधीही करा, सिस्टर उचलतील. मी म्हटलं, सर, आम्ही करू ते दुखलं तर. आम्हाला जे कळतच नाही त्याचं काय? त्यावर त्यांनी तिथल्या एका सिस्टरना बोलावून आईला समोर बसवून सगळ्या गोळ्या परत समजावून द्यायला सांगितल्या. वीस मिनिटं लागली. जुनी रक्तदाबाची गोळी आमच्याकडेही चालूच होती! ती तिथेच बाजूला काढली.

आज सातव्या दिवसाची तपासणी झाली. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं चालायचं, दर आठवड्याला थोडं वाढवायचं. तंबाखूची चंची अण्णांनी स्वतःच चुलीत टाकली, मी काही बोलले नाही.

आत्या दारातल्या खुर्चीवर बसतात दुपारी. कालच त्यांनी सरपंचांना ओट्यावरून चहा पाजून परत पाठवलं. रात्रीची वाटणी केलीय, एक रात्र मी, एक रात्र भाऊ, एक रात्र आई. पायरी काका, तुमची मुलगी रोज कॅनडातून फोन करते का? नसेल तर मला नंबर द्या, मी सकाळी आठला अण्णांच्या गोळ्या काढते, तेव्हाच तुम्हालाही फोन करत जाईन.

आईचा रक्तदाब पण मोजून घेतला आज. १५०/९४. परवा परत मोजायला बोलावलंय. आत्ता ती झोपलीय, आतल्या खोलीत, पहिल्यांदाच.

पायरी | पुढचा सोमवार, रात्री ९:५०

नंबर निरोपात पाठवलाय. आठला उठलेला असतो.